दीड दिवसाचं लिस्बन

लिस्बन फार सुंदर आहे. एवढं एक वाक्य बोलून झालं की आपल्या बायकांचं लिस्बन संपतं. फारच ताणलं तर पुढे आणखी दोन-तीन वाक्यं येतात. रस्ते काय स्वच्छ! कुणी हॉर्न म्हणून वाजवत नाही! त्या पिवळ्या ट्रॅमी काय गोड दिसतात! मग पर्समधून मोबाइल निघतो, बोटानं फोटो सरकायला लागतात, नि त्या फोटोंत इमारत कानाकोपऱ्यात आणि आपली मैत्रीण मधोमध. गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या श्राविका मंडळात मी अशी लिस्बनं, पॅरिसं नि व्हिएन्ना निदान दहा तरी ऐकली असतील. दोघींनी तर ती लिहून छापूनही आणली. वाचताना एक गंमत केली. शहराचं नाव अंगठ्याखाली झाकलं. कुठलं वर्णन कुठल्या शहराचं, काही म्हणजे काही कळेना. स्वच्छ रस्ते, शिस्तीची माणसं, थंड हवा, आणि शेवटी 'आपल्याकडे हे कधी होणार?' हा सुस्कारा.

आता कुणी म्हणेल, तुझ्या पोटात का दुखतं? त्यांच्या पैशानं त्या गेल्या, त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. कबूल. पॅरिसबद्दल नि व्हिएन्नाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. लिस्बनबद्दल मात्र बोलणार, कारण आपण पेडण्याच्या आहोत.

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. करा हिशोब. १७३ वर्षं. एवढा काळ धारगळच्या माणसाची कोर्टकचेरी पणजीत, आणि पणजीची लगाम लिस्बनच्या हातात. माझं माहेर निपाणीचं, त्यामुळे हे सगळं मला लग्न होऊन इथं आल्यावर कळलं. सासूबाईंचा जन्मदाखला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाटच पडले. पोर्तुगीज भाषेत, झोकदार अक्षरात. सासूबाईंना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव कुठं आहे तेसुद्धा त्या कागदाच्या घडीवरून ओळखत. ज्या शहराच्या भाषेत आपल्या घरातल्या बाईचा जन्म नोंदला गेला, त्या शहराला आपण 'परदेशातली एक राजधानी' म्हणून पाहून येतो नि 'ट्रॅम गोड आहे' म्हणतो, हे मला पटत नाही. राग येतो म्हटलं तरी चालेल.

मी स्वतः गेले ती २०२३ च्या सप्टेंबरात. बेळगावकडची मंडळी मिळून गट केला होता, बहुतेक आपल्याच समाजातली. दहा दिवसांत स्पेन नि पोर्तुगाल, त्यात लिस्बनला दीड दिवस. दीड दिवसाचा म्हटल्यावर आपल्या गोव्यात काय आठवतं ते सांगायला नको. पण त्या गणपतीसाठी शेजारपाजारची घरं महिनाभर आधीपासून झाडलोट करतात, माटोळीला काय काय लागणार याची यादी होते, पुरुमेंताचं सामान भरलेलं असतं. लिस्बनसाठी आमच्या गटानं केलेली तयारी म्हणजे खाकरे, मेथीचे ठेपले नि लोणच्याच्या बाटल्या. सहल कंपनीनं 'जैन जेवण मिळेल' असं पत्रकात ठळक छापलं होतं, आणि बावीस बायकांनी पत्रकातली तेवढी एकच ओळ दोनदा वाचली होती.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. या पोर्तुगिजांनी आपल्याकडे काय काय आणलं, तर मिरची, काजू, अननस, पेरू, पपई, बटाटा. मिरचीवाचून आपलं एक दिवस भागत नाही, काजूवर तर अर्धं पेडणं जगतं. त्यांची एकच वस्तू आमच्या चुलीपर्यंत पोचली नाही, ती बटाटा. साडेचारशे वर्षांत अल्बुकर्कच्या वंशाला जे जमलं नाही ते आमच्या कंदमूळ-वर्ज्यानं करून दाखवलं, असं मी गटात म्हणाले. दोघीच हसल्या. बाकीच्यांना अल्बुकर्क कोण ते ठाऊक नव्हतं. मला बोलायचं आहे ते नेमकं याबद्दल.

बेलेम नावाचा लिस्बनचा एक भाग आहे, तेजो नदीच्या काठावर, जिथून त्यांची गलबतं निघायची. तिथं आम्हाला एक तास दहा मिनिटं मिळाली. एवढ्यात जेरोनिमोसचा मठ, नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक, बेलेमचा मनोरा आणि एक जगप्रसिद्ध मिठाईचं दुकान. दुकान १८३७ सालचं, बाहेर ही रांग. त्या छोट्या गोल वड्यांत अंड्याचा बलक असतो, म्हणून मी रांगेत उभीच राहिले नाही आणि माझी वीस मिनिटं वाचली. जैन असण्याचा असाही फायदा असतो!

त्या वीस मिनिटांत मी स्मारक नीट पाहिलं. नदीत शिरणाऱ्या गलबताच्या नाळेसारखं, पन्नास मीटरहून उंच. सर्वांत पुढे राजपुत्र हेन्री, त्याच्या मागे दोन्ही अंगांनी चढत जाणारी दगडी माणसं. वास्को द गामा आहे, अल्बुकर्क आहे, आपल्या जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते सेंट झेवियरही आहेत. सगळी मिळून ३३. त्यांत बाई किती? एक. फिलिपा, हेन्रीची आई. नि तीही गुडघे टेकून बसलेली. मी दोनदा मोजलं. आमच्यापैकी कित्येकींनी त्याच फिलिपाच्या खाली उभं राहून फोटो काढले आणि वर मान करून पाहिलं नाही.

स्मारकाचं वर्ष १९६०. हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून ते पक्क्या दगडात उभारलं. १९६० मध्ये आपण कुठं होतो? त्यांच्याच ताब्यात. एकीकडे लिस्बनमध्ये अल्बुकर्कचा पुतळा त्या नाळेवर चढत होता, आणि दुसरीकडे इथं पेडण्यात त्यांचेच शिपाई नाक्यावर उभे होते. त्याच्या पाचच वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९५५ ला, आपल्या पत्रादेवीला सत्याग्रही हद्द ओलांडून आत आले. झेंडा घेऊन पुढे चाललेल्या सहोदराबाई राय मध्य प्रदेशातून आल्या होत्या. त्यांना गोळ्या लागल्या. त्यांच्यासाठी पुढे धावलेले कर्नैलसिंग तिथंच मारले गेले. धारगळहून पत्रादेवी गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. लिस्बनच्या स्मारकावरची एकुलती एक बाई गुडघ्यावर आहे, आणि आपल्या वेशीवरची झेंडा हातात घेऊन चालत होती. हे दोन्ही एका वेळी डोळ्यांपुढे आणायला पेडण्याच्या बाईवाचून दुसरं कोण येणार? न्यूझीलंडचा प्रवासी? त्याला कुठून कळणार?

मठाची गोष्ट तशीच. दगडाला इतकं कोरलंय की लोणी वाटावं. गाइडबाई तिथल्याच, पन्नाशीच्या, हातात लाल छत्री उंच धरून चालणाऱ्या. त्या म्हणाल्या, मसाल्याच्या व्यापारावर पाच टक्के कर बसवून त्यातून हे बांधलं. बस्स, पुढे चला. अहो, थांबा ना! मसाला कुणाचा? तो लिस्बनच्या परसात पिकत नव्हता. मलबारचं मिरं, सिलोनची दालचिनी. ज्या भिंतीला पाठ लावून आपण फोटो काढतो त्या भिंतीत आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्याचा वाटा आहे. आत राजा मानुएलच्या थडग्याखाली संगमरवरी हत्ती आहेत. हत्ती काही पोर्तुगालच्या रानात होत नाही. दाराशी वास्कोची कबर आहे. गाइडबाई म्हणाल्या, यांनी १४९८ मध्ये भारताचा शोध लावला. आमच्या बायकांनी माना डोलावल्या. बावीस भारतीय माना, आपला शोध लागल्याबद्दल! आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला वाट माहीत असलेला एक वाटाड्या त्यानं गलबतावर घेतला, तेव्हा कुठं तो कालिकतला पोचला. म्हणजे वाट होतीच, रोजची रहदारीची. गाइडबाईंवर माझा राग नाही. त्यांना जे सांगण्याचे पैसे मिळतात ते त्या सांगतात. मान डोलावण्याचे पैसे आपल्याला कुणी दिले नव्हते.

'पहिलं दर्शन' या गोष्टीवर माझा जो अविश्वास आहे तो या वास्कोनंच पक्का केला. कालिकतला उतरल्यावर त्याला नि त्याच्या माणसांना एका देवळात नेलं. त्यांना वाटलं हे चर्च. गाभाऱ्यातली देवीची मूर्ती म्हणजे त्यांची मेरीमाता. त्यांनी तिथं प्रार्थना केली. भिंतीवरच्या चित्रांतल्या देवतांना चार-पाच हात होते, सुळे बाहेर आलेले होते, हेही त्यांनी पाहिलं, आणि हे आपल्या संतांपैकीच कुणीतरी असावेत असं टिपूनही ठेवलं. का? कारण निघतानाच ते डोक्यात ख्रिस्ती लोक शोधायचे असं ठरवून निघाले होते. डोळ्यांना चार हात दिसले, पण डोक्यानं ते दिसू दिले नाहीत.

दुसरा एक दुआर्ते बार्बोझा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इकडं राहून गेला. गुजरातच्या बनियांबद्दल त्यानं लिहिलंय. हे लोक जीव मारत नाहीत, कुणी पाखरू नाहीतर किडा आणून 'मारू का?' म्हटलं की पैसे मोजून तो सोडवतात. वाचताना बरं वाटतं. पण त्याच दमात हे व्याजबट्टा करणारे, वजनामापात फसवणारे, असाही शेरा मारलाय. पाखरू सोडवणारा माणूस त्याच्या हिशोबात कुठं बसेना, मग त्यानं दुसऱ्या ओळीत त्याला लबाड करून टाकलं. वाटेवरून जाणाऱ्यानं आपल्याला कसं पाहिलं याचा हा जुना दाखला.

आणि तिसरा तो गेंडा. त्याच्यासाठी मी बेलेमच्या मनोऱ्याकडे पळत गेले, गटातली माणसं बसमध्ये चढत असताना. मनोऱ्याच्या एका छोट्या बुरजाच्या तळाशी दगडात गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. ऊन-पावसानं झिजलंय. सांगितल्याशिवाय दिसायचं नाही. गाइडबाईंनी सांगितलं नाही. मी वाचून गेले होते म्हणून सापडलं.

हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा यानं तो अल्बुकर्कला भेट दिला. अल्बुकर्कला हवी होती दीवमध्ये किल्ल्याला जागा. ती न देता सुलतानानं जनावर दिलं. इतकं मोठं जनावर गोव्यात ठेवून करायचं काय, म्हणून ते राजा मानुएलकडे धाडलं. जानेवारी १५१५ मध्ये गलबतावर चढवलं, २० मे १५१५ ला लिस्बनला उतरवलं. चार महिने समुद्रात. ओल्या गवताऐवजी पेंढा नि भात खाऊन तगलं म्हणतात. युरोपात त्याआधी हजार-बाराशे वर्षांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता, सगळं लिस्बन बघायला लोटलं. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्तीचं पिल्लू घाबरून पळालं. झाली हौस. मग राजाला वाटलं, पोपला नजराणा करू. गळ्यात मखमली पट्टा बांधून गेंडा पुन्हा गलबतावर चढवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात गलबत बुडालं. गेंडा पोहू शकतो. पण हा साखळदंडानं जखडलेला होता.

इथं आपल्या बायकांनी थांबायला हवं होतं. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ, त्यांचं लांछन काय? लहानपणी पाठशाळेत चोवीस लांछनं आपण घडाघडा म्हणत होतो. गेंडा! ज्या प्राण्याची खूण मूर्तीच्या पीठावर पाहिली की आपण हात जोडतो, तो आपल्या देशातून नेऊन करमणुकीसाठी झुंजवला, बांधून बुडवला, आणि त्याचं डोकं त्या भिंतीवर आहे. आमचा अख्खा गट त्या भिंतीकडे पाठ करून नदीचे फोटो काढत होता.

गेंड्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. जर्मनीत ड्यूरर नावाचा मोठा चित्रकार होता. त्यानं हा गेंडा कधी पाहिलाच नाही. कुणीतरी लिस्बनहून धाडलेलं वर्णन नि रेखाटन यांवरून त्यानं चित्र काढलं. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग. चित्र इतकं झोकदार उतरलं की पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोप खऱ्या गेंड्यापेक्षा त्या चित्रातल्या गेंड्यालाच खरं मानत राहिला. मंडळात प्रवासाचे फोटो फिरतात तेव्हा मला ते जास्तीचं शिंग आठवतं. स्वच्छता, शांतता, शिस्त. एकीनं पाहिलं, दहाजणींनी ऐकलं, आणि पुढची जाते ती तेच बघायला जाते. परत येऊन तेच सांगते.

स्वच्छ रस्ते म्हणता? पहाटे पाचला उठून मी हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं. रस्ते धुणारी, कचरा उचलणारी माणसं बहुतेक काळी-सावळी. शांत म्हणता? आल्फामाच्या जुन्या गल्ल्या शांत आहेत, कारण तिथली कितीतरी घरं आता पाहुण्यांना दिवसाच्या भाड्यानं दिली जातात. जुनी म्हातारी माणसं भाडं परवडेना म्हणून उठून गेली. आम्ही गेलो त्याच वर्षी एप्रिलमध्ये हजारो लोक राहायला घर मिळावं म्हणून लिस्बनच्या रस्त्यावर उतरले होते. जुनं कसं जपलंय म्हणता? आखीव-रेखीव रस्त्यांचा जो मधला बाजारभाग आपण पाहतो तो १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर नव्यानं आखलेला आहे. जुनं शहर त्या दिवशी पडलं, जळलं आणि समुद्राच्या लाटेनं उरलंसुरलं धुऊन नेलं.

यावर मला मिळालेली उत्तरं दोन. पहिलं असं की 'आम्ही मौज करायला जातो, इतिहासाच्या तासाला नाही.' हे उत्तर देणारी बाई आयुष्यभर घरातल्या सगळ्यांचं करून थकलेली असते, आणि दहा दिवस तिला कुणी जेवण हातात आणून देतं, याचं मोल मला कळतं. मी काही संन्यासी नाही. नदीकाठच्या वाऱ्यावर मीही अर्धा तास नुसती बसले होते. पण मौज कशात आहे हे कुणी ठरवलं? हॉटेलात खोलीची किल्ली देताना ती पोरगी 'शाव्ह' म्हणाली आणि माझ्या डोक्यात 'चावी' वाजलं. खिडकीला 'जनेल' म्हणतात तेच आमच्या शेजारणी धारगळला म्हणतात. खुर्चीला कदेर, टेबलाला मेज, तुवाल, पगार, मेस्त, पाव. शेजारच्या आजीला बरोबर नेलं असतं तर तिनं त्या पोरीशी थेट संसारच मांडला असता! ही मौज फुकट होती आणि ती फक्त गोव्याकडच्या बाईलाच मिळण्यासारखी होती. तरी ती कुणी घेतली नाही.

दुसरं उत्तर जरा शहाण्यांकडून येतं. 'जुनं उगाळून काय मिळणार? द्वेष वाढवायचा का?' यात द्वेषाचा काय संबंध? घरात वाटणीचा कागद वाचला म्हणजे भावाशी भांडण होतं असं नाही. उलट कागद न वाचणाऱ्या बहिणीच फसतात, हे मी आपल्या समाजात डोळ्यांनी पाहिलंय. आणि ज्यांच्यावर राग धरायचा ते कोण, हे तरी ठाऊक हवं की नाही? ट्रॅम नंबर २८, जिच्यात बसायला आम्ही पाऊण तास उभ्या होतो, ती जुन्या कॅथेड्रलला वळसा घालून वर जाते. तिथं समोरच आल्जुब नावाची इमारत आहे. सालाझारच्या राजवटीत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. २०१५ पासून संग्रहालय आहे. तिथं पोर्तुगीज माणसांचेच हाल मांडलेत, त्यांचीच पोरं अंधाऱ्या कोठड्यांत कोंडलेली. आपली माणसंही या राजवटीनं तिथं नेली. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना लिस्बनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या पेनीश किल्ल्यात ठेवलं. मोहन रानडे यांना लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात. गोवा मोकळा झाला तरी रानडे आत होते. सुटले १९६९ मध्ये. गोवा सुटून सात वर्षं झाल्यावर! 'सतीचे वाण' हे त्यांचं पुस्तक आपल्या किती घरांत आहे? काशियाश बेलेमच्या पुढे त्याच किनाऱ्यावर, बसनं अर्धा तास फार झाला. आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं, कुणाच्याच नसतं. १९७४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच सैनिकांनी ती राजवट उलथली, आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांनी गोवा भारताचा असल्याचं कागदावर मान्य केलं. हे वाचल्यावर तिथल्या साध्या माणसाबद्दल माझ्या मनात द्वेष उरला नाही, थोडी आपुलकीच वाटली. न वाचता आले असते तर यातलं काहीच वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोकळा वेळ होता. बाकीच्या खरेदीला गेल्या, मी चौकातल्या बाकावर बसले होते. पाठीवर जेवणाचा चौकोनी डबा, सायकल टेकवलेली, असा एक पोरगा जवळ आला. माझं मराठी फोनवरचं बोलणं ऐकून थबकला असावा. "तुमी गोंयचीं?" डिचोलीचा निघाला. आजा १९६१ च्या आधी जन्मलेला, म्हणून बापाचे, मग त्याचे, असे पोर्तुगीज कागद झाले. भारताचा पासपोर्ट परत करून आठ महिने झाले होते. मी विचारलं, बेलेम पाहिलंस का रे? म्हणाला, "ना मावशे, सुटी खंय मेळटा!" लिस्बन टेकड्यांवर वसलंय. त्यानं शहराचे जिने पाहिले होते. कुठल्या गल्लीतल्या इमारतीला लिफ्ट नाही, कुठल्या जिन्यावर पावसात पाय घसरतो, कुठला म्हातारा दार उघडल्यावर दोन शब्द बोलतो, हे त्याला पाठ होतं. पाच मिनिटांत तो मला जे सांगून गेला ते लाल छत्रीनं दीड दिवसात सांगितलं नव्हतं. गावाकडे काय सांगतोस, विचारलं. तर म्हणे फोटो धाडतो. ट्रॅमचे. आईला ट्रॅम आवडते.

ते फोटो डिचोलीत पोचतात. तिथं शेजारच्या घरातला दुसरा पोरगा ते बघतो आणि आजाचा जन्मदाखला शोधायला लागतो. मंडळात बसून 'लिस्बन फार सुंदर आहे' म्हणणाऱ्या बाईला वाटतं आपण निरुपद्रवी काहीतरी बोललो. नाही. तिचंही वाक्य त्या फोटोंतच जमा होतं.

आता उलट्या बाजूनं बघा. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरायला लागली. तिथून किनाऱ्याकडे निघालेल्या प्रवाशाला आपलं धारगळ किती वेळ दिसतं? गाडीच्या काचेतून पाच-सात मिनिटं. त्याला काय दिसतं? मोकळी जमीन. काजूचा डोंगर त्याला झुडपं वाटतो. तिळारीच्या कालव्याचं पाणी येणारं शेत त्याला 'प्लॉट' वाटतं. २०२४ च्या डिसेंबरात इथं मोठा संगीताचा जलसा भरला, तेव्हा गावात दोन तट पडले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. आपल्याच मंडळातल्या बायका तेव्हा संतापून म्हणत होत्या, या लोकांना आमचा गाव दिसतच नाही का? इथं माणसं राहतात, देवळं आहेत, परीक्षा असलेली मुलं आहेत! बरोबरच होतं त्यांचं. मी सह्या गोळा करायला त्यांच्याबरोबर दारोदार फिरले. पण फिरता फिरता एकीला म्हटलंच, बाई, आल्फामाच्या त्या म्हातारीच्या दारात उभं राहून तू फोटो काढलास, तेव्हा ती आतून काय म्हणाली असेल? ती चार पावलं गप्प चालली. मग म्हणाली, "तू ना, फार बोलतेस."

बोलते. आणखी एक बोलून थांबते. लिस्बनहून आलेल्या प्रत्येकीच्या तोंडी एक वाक्य असतं, 'त्यांनी त्यांचं जुनं कसं जपलंय बघा.' ठीक. आपल्या डिचोली तालुक्यात कुडण्याला एका जैन मंदिराचे अवशेष आहेत. लोक त्याला गुजिरांचं देऊळ म्हणतात. नार्वेला जैनकोट आहे. बांदिवड्याला नेमिनाथाची बस्ती आहे, म्हणजे तिच्या भिंती आहेत. पोर्तुगीज येण्याआधी या भूमीत आपली माणसं होती, याचा दगडातला पुरावा आपल्या उंबऱ्यापासून दोन तासांच्या आत आहे. आमच्या लिस्बनवाल्या बावीसजणींना मी बसमध्ये विचारलं, कुडणें कुणी पाहिलंय? एकही हात वर आला नाही. एकीनं विचारलं, तिथं जैन जेवणाची सोय आहे का?

नाही. डबा घेऊन जायचं. सकाळी लवकर निघायचं, पायांत चांगले बूट घालायचे, आणि पावसाळ्याच्या आत जायचं, कारण नंतर तिथलं रान फार वाढतं.